दंडबिंदू आचार्यांची ताटं

ताटं उलटी करून बघायची, ही माझी नोकरी होती. सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. कुणी मास्तर असतो, कुणी तलाठी असतो, मी ताटं उलटी करत असे. सवय इतकी अंगात भिनली की लग्नासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा पुढे आलेली कपबशी मी आधी उचलून खालून बघितली. चहा सदऱ्यावर सांडला. होणारे सासरे शांतपणे म्हणाले, "खाली किंमत लिहिलेली नाही हो. विचारा, सांगतो." लग्न तरीही जमलं, कारण मी बी.ए. होतो.

हे बी.ए. प्रकरण आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. आमची कोळीवाडी दिघीजवळ, खाडीच्या तोंडाशी. वाडीतला पहिला पदवीधर मी. अकराव्या वर्षी शिकायला मुरुडला मामाकडे गेलो, तिथून मुंबईला वसतिगृहात. वडील मध्येच गेले, होडी काकाकडे गेली, आणि मी पुस्तकांकडे गेलो. पदवी मिळाल्यावर दारावर पाटी लावली. छत्रीवरही नावापुढे 'बी.ए.' रंगवून घेतलं. वाडीनं त्याचा बरोबर उपयोग केला. दामोदर हे माझं नाव लोक विसरले आणि मला 'बीए' म्हणू लागले. "बीए, जरा होडीला हात लाव." "बीए, तुझी कोंबडी आमच्या वईच्या आत आलीय." अशी ती पदवी.

नोकरी मुंबईत फोर्टात लागली. मेहेरबाई नावाच्या एका पारशी विधवेचं हातानं घडवलेल्या वस्तूंचं दुकान होतं. साठ सालाच्या थोडं मागंपुढं त्यांनी कुणाच्या तरी घरी एक तपकिरी ताट बघितलं आणि त्या वेड्या झाल्या. चौकशी केली तर ताट आमच्या खाडीपलीकडच्या आगरदांड्याचं निघालं. त्यांना तिकडचा माणूस हवा होता. मला वाटलं, माझ्या बी.ए.त इतिहास होता म्हणून मला घेतलं. माझं घर दिघीला होतं म्हणून मला घेतलं, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

आता हे ताट म्हणजे काय ते सांगतो. आपण सरसकट सगळ्याला चिनीमाती म्हणतो, पण लोणच्याची बरणी आणि पाहुण्यांची नाजूक कपबशी यांत फरक असतो. बरणीच्या जातीला इंग्रजीत स्टोनवेअर म्हणतात. माती एवढी तापवायची की ती दगड व्हायच्या बेताला येते. मग ती पाणी पीत नाही, आंबट तिला लागत नाही, आणि टिचकी मारली की टणटणीत आवाज देते. फुटक्या ताटाचा आवाज बसलेल्या गळ्यासारखा येतो. मी ताट विकत घेताना आधी टिचकी मारत असे, आणि बाया म्हणत, "डोक्यात टिचक्या मारून बघ रं, आमची बी पक्की हायेत."

ही ताटं गणू कुंभारानं केलेली. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्या तरुणपणापासून मुंबईजवळ सांडपाण्याचे नळ बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. तिथल्या इंग्रज इंजिनियरानं त्यांच्याकडून घरच्यासाठी ताटं-वाडगे करून घेतले आणि तात्यांना साहेबी ताटाचा घाट हाताला बसला. सत्तेचाळीसला साहेब मायदेशी गेला, तात्या मायदेशी म्हणजे आगरदांड्याला आले आणि त्यांनी खाडीकाठी भट्टी घातली. नळांना झिलई द्यायची ती मिठाची. तीच त्यांनी ताटांना दिली. भट्टी लालपिवळी झाली की वरच्या भोकांतून जाडं मीठ आत टाकायचं. ते तडतडतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ भांड्यावर काचेसारखी बसते, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत. बाहेर पांढरा धूर निघतो आणि सगळ्या गावाच्या डोळ्यांना पाणी येतं. आगीत मीठ टाकणारा माणूस म्हटल्यावर आमच्या बाया म्हणायच्या, "गणूतात्या भट्टीची दृष्ट काढतोय."

ताटं चांगली होती हो. उंच काठाची, जड, कालवण सांडायचं नाही. मुंबईत काही गेली, पण बरीचशी आमच्याच वाड्यांतून सुक्या मासळीच्या बदल्यात फिरली. सात-आठ वर्षं भट्टी चालली. मग जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटं आली, पाठोपाठ स्टेनलेस आलं, पडलं तरी फुटत नाही असं. लाकूडही मिळेना. भट्टी विझली. ताटं घराघरांत राहिली, आणि ती गोळा करायला मी निघालो.

गोळा करणं सोपं वाटलं होतं. आमच्याच वाडीतल्या चांगुणाकाकूकडे ताट सुकटीच्या बरणीवर झाकण म्हणून होतं, वर मोठा धोंडा. मी म्हटलं, "काकू, याच्या बदल्यात नवं कोरं स्टेनलेसचं ताट देतो."

"आनि बरनीवर काय ठेवू? तुझं सर्टिफिकेट?"

"स्टेनलेसचं ठेवा."

"मांजर एका पंजानं पाडंल. ह्ये मांजराला ठावं हाय, उचलत न्हाय म्हनून."

धोंडासुद्धा उचलू दिला नाही तिनं. दुसऱ्या एका घरी ताटाखाली कोंबडी अंड्यांवर बसली होती. एकवीस दिवसांनी ये म्हणाले. मी एकवीस दिवसांनी गेलो. त्यांनी मला पिल्लू दिलं, ताट नाही. तरी तीन वर्षांत मी साठ ताटं जमवली आणि एक मोठी वही घातली. प्रत्येक ताटाला एक पान. माप, वजन, रंग, दोष. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना: खालची खूण.

कारण ताटांखाली खुणा होत्या! कुठे तीन ठिपके, कुठे कोंबडीच्या पायासारखी तीन रेघांची नक्षी, कुठे फुली, कुठे उभी रेघ आणि तिच्याखाली टिंब. एकूण सात तऱ्हा, काही खिळ्यानं कोरलेल्या, काही लाल-निळ्या रंगात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, दामोदर, हाच तुझा विषय. इतिहासाच्या पुस्तकात वाचलं होतं की परदेशात मोठमोठे कुंभार भांड्याखाली आपली खूण उमटवतात. म्हणजे इथे एक कुंभार नव्हताच, एक अख्खं घराणं होतं, निदान सात हातांचं! आणि एकच खूण वेगवेगळ्या घरांतल्या ताटांवर सापडायची, म्हणजे ती घराची असणं शक्य नाही, करणाऱ्याचीच असणार. असा माझा बिनतोड युक्तिवाद.

मी नावंही ठेवली. तीन ठिपके म्हणजे 'त्रिबिंदू परंपरा'. कोंबडीचा पाय म्हणजे 'कुक्कुटपाद शैली'. आणि उभी रेघ नि टिंब असलेली पाच ताटं मला सर्वांत सुंदर वाटली. त्यांतलं एक तर किंचित एका बाजूला कललेलं, जणू वाऱ्यावर रेललेलं. त्यांच्या कर्त्याला मी 'दंडबिंदू आचार्य' म्हटलं. हे लिहिताना आत्ताही कानाच्या पाळ्या गरम होतात.

मग तात्यांना भेटायला गेलो. दिघीहून तरीच्या होडीनं आगरदांड्याला उतरलो, वही काखेत. तात्यांना तेव्हा दिसायचं कमी झालं होतं. ओसरीवर बसून सुतळी वळत होते.

"तात्या, तुमच्या भट्टीवर किती कारागीर होते?"

"मी."

"आणि?"

"बायको लाकडं घालायची. ती गेली. मंग मीच."

"नाही, ताटं घडवणारे किती?"

"सांगतो न्हवं, मी. सगळी मीच केली."

मी ताट त्यांच्या हातात दिलं, खालची खूण बोटाखाली धरली. "मग ही कुणाची?"

तात्यांनी बोट फिरवलं. "लोकांची आसंल. मी खाली काय लिवत न्हाय. ताटाखाली कोन बघतो? जेवनारा वरनं बघतो." मग ताट सरळ करून त्यांनी काठावर अंगठा ठेवला. "हितं बघ."

काठाला एका जागी किंचित चपटेपणा होता. तो मी आधीच वहीत नोंदवला होता, दोषांच्या रकान्यात. प्रत्येक ताटाला होता. मला वाटलं, म्हातारा दोष दाखवून नम्रपणा करतोय. "हो हो, ते माहीत आहे," असं म्हणून मी ताट काढून घेतलं. परत येताना तरीत बसून वहीत लिहिलं: 'गणू कुंभार हा बहुधा भट्टीवरील मदतनीस असावा. सर्व ताटे आपणच केल्याचे सांगतो. वयोमानाने स्मृती क्षीण.'

मेहेरबाई खूश झाल्या. सात अज्ञात कारागिरांचं घराणं म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? त्यांनी दुकानात प्रदर्शन ठरवलं. प्रत्येक ताटाखाली ठेवायला छापील चिठ्ठ्या, निमंत्रणं, सगळं. दंडबिंदू आचार्यांची पाच ताटं मधल्या काचेच्या कपाटात. प्रदर्शनानंतर मला संशोधन विभागाचा प्रमुख करायचं त्यांच्या मनात होतं. विभागात मी एकटाच असणार होतो, पण प्रमुख. तात्यांचं नाव एकाच चिठ्ठीवर होतं, शेवटच्या, 'साहाय्यक' म्हणून.

प्रदर्शनाला आठ दिवस राहिले आणि काकाच्या मुलीचं लग्न निघालं. मी वाडीत आलो. आमच्याकडे लग्नात वाडीतली सगळी ताटं मांडवात येतात. कुणा एकाकडे दोनशे ताटं कुठली असायला? जेवणं उरकली की बाया विहिरीजवळ बसून राखेनं ताटं घासतात आणि ज्याची त्याला वाटतात. भर दुपार होती. मी विडा तोंडात घालून, पदवीधराला शोभेल अशा अंतरावर उभा होतो. बहुतेक ताटं स्टेनलेसची आणि जर्मनची, मधूनमधून तात्यांची, मला ज्यांनी दिली नव्हती त्यांची. एक बाई एकेक ताट उलटं करून ओरडत होती.

"तीन ठिपकं कुनाचं?"

"पांडूच्या आयचं!"

"फुली?"

"नाखवाच्या घरची! त्यांची दोन हायेत बघ!"

"कोंबडीचा पाय?"

"माझा गं माझा!" चांगुणाकाकू पुढे आली. लग्नासाठी तिनं बरणीवरचा धोंडा उतरवला होता, माझ्यासाठी नाही. तिनं कुक्कुटपाद शैली पदराला पुसली आणि काखेत मारली.

मी विडा चावायचा थांबलो.

मी पुढे गेलो. "काकू, ही खूण कुणी काढली?"

"कुनी म्हंजे? मीच. खिळ्यानं. न्हायतर ताटं इकडची तिकडं जातात. गेल्या दोन लग्नांत माझी तीन ताटं गेली, अजून पत्ता न्हाय."

तिची तीन ताटं मुंबईत होती, तीन वेगवेगळ्या घरांतून मी मोठ्या कष्टानं मिळवलेली. एकच खूण वेगवेगळ्या घरांत का सापडते, याचा उलगडा मला असा विहिरीच्या कठड्यापाशी झाला.

"आणि हा लाल रंग?" मी क्षीण आवाजात विचारलं. वहीत मी त्याला 'भट्टीत भाजलेला लोहयुक्त रंग' म्हटलं होतं.

"होडीला लावत्यात तो. काय रं बीए, रंग वळखत न्हायस?"

नखानं खरवडलं असतं तरी निघाला असता. पण अमूल्य स्वाक्षरी म्हणून मी तिला तीन वर्षांत नख लावलं नव्हतं.

तेवढ्यात ती बाई ओरडली, "उभी रेघ नि टिंब! एकच हाय! घ्या वो बीएची आय!"

माझी आई उठली. हात पुसले आणि दंडबिंदू आचार्यांचं सहावं ताट घ्यायला निघाली. घरचं ताट उलटं करून बघायचं मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं.

मी तिला बाजूला घेतलं. "आई, ही आपली खूण?"

"मंग कुनाची?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या बाच्या जाळ्याच्या बोयांवर हीच हुती. लाकडाच्या. जाळं टाकलं की दुरून आपलं वळखायचं. तूच काढायचास की रं रंगानं, चड्डीला पुसायचास ब्रश. इसरलास?"

मी विसरलो होतो. हे कसं झालं ते मला अजून सांगता येत नाही. सात-आठ वर्षांचा असताना मी वाळूत बसून बोयांवर तीच उभी रेघ आणि खाली टिंब काढत असे, आणि टिंब फार मोठं झालं की बाबा म्हणत, "ह्यो काय नारळ काढलास?" ते सगळं मी कुठे ठेवून आलो होतो कोण जाणे. तात्यांची ताटं वाडीत आली तेव्हा मी मुरुडला पुस्तकं पाठ करत होतो. आणि मोठा होऊन आलो तो त्या रेघेला आचार्य म्हणायला.

"आपली पाच गेली लग्नांतनं," आई म्हणाली. "कुनाकडं हायेत देव जाणे."

मी म्हटलं, "सुरक्षित आहेत."

आई तसंच ताट घेऊन घराकडे चालली. जाताना तिचा अंगठा आपोआप काठाच्या त्या चपट्या जागेवर बसला. मी पटकन विहिरीपाशी जाऊन तात्यांची राहिलेली ताटं एकेक उचलून बघितली. प्रत्येकाला ती जागा होती, आणि प्रत्येकावर माझा अंगठा बसत होता. वाढलेलं, जड, गरम ताट एका हातानं नेता यावं म्हणून करणाऱ्यानं काठ ओला असतानाच अंगठा दाबून ठेवलेला. साठही ताटांवर एकच अंगठा. तो मी साठ वेळा दोष म्हणून लिहिला होता.

मुंबईला परत गेलो आणि मेहेरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"डिकरा, तू मला काय सांगते? आचार्य कोन नाय?"

"नाही."

"मग ते दंड न् बिंदू?"

"माझी आई."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग हसू दाबत म्हणाल्या, "चिठ्ठ्या छापून आल्या. निमंत्रण गेला. इथे कोनाला समजते? हा एक वेळ चालू दे. मागून बघू."

आणि मी 'बरं' म्हणालो. हे मला इथे गाळता आलं असतं, लिहिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मी 'बरं' म्हणालो आणि टेबलाशी जाऊन बसलो. संशोधन विभागाचा प्रमुख व्हायचं होतं ना.

टेबलावर वही होती. सहज चाळताना ते पान आलं. 'सर्व ताटे आपणच केल्याचे सांगतो. वयोमानाने स्मृती क्षीण.' माझंच वळणदार अक्षर. ज्याला स्वतःच्या बापाची खूण आठवली नव्हती, त्यानं दुसऱ्याच्या स्मृतीवर शेरा मारला होता. विचारलेल्या प्रश्नाचं तात्यांनी अगदी सरळ उत्तर दिलं होतं, तेही दोनदा. ते खोटं का वाटलं? माझ्याकडे पुस्तकं होती आणि त्यांच्याकडे सुतळी होती, एवढ्याच कारणानं. आता त्यांचं नाव साठ ताटांवरून उडालं तर ते उडवणारा मी, तिकडचाच माणूस.

मी परत मेहेरबाईंकडे गेलो. म्हटलं, "नाही चालणार."

"मग सगळा कागद तू परत लिव," त्या म्हणाल्या. "हातानी. आनि ते प्रमुख-बिमुख आता विसर."

छापील चिठ्ठ्या उलट्या केल्या आणि कोऱ्या बाजूवर साठ वेळा लिहिलं: 'घडवणारा गणू धर्मा कुंभार, आगरदांडा.' प्रदर्शन झालं. सात गूढ कारागिरांसाठी आलेले दोन विद्वान चहा पिऊन गेले. एका गृहस्थांनी मला विचारलं, "यात संशोधन काय मग?" मी त्यांना आणखी चहा विचारला. संशोधन विभाग काही निघाला नाही. मी आणखी वीस-बावीस वर्षं त्या दुकानात ताटंच उलटी केली, फक्त आधी सरळ धरून अंगठा ठेवून बघायला शिकलो. आईची पाच ताटं मी परत मागितली. मेहेरबाईंनी चार दिली आणि कललेलं ठेवून घेतलं. म्हणाल्या, "ही मम्मीने मला दिली असं समज."

प्रदर्शन संपल्यावर मी पुन्हा तरीनं आगरदांड्याला गेलो. तात्या ओसरीवरच होते. मी एक चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी मान हलवली, फार काही वाटल्याचं दाखवलं नाही. मी दंडबिंदू आचार्यांची सगळी कथा सांगितली, कललेल्या ताटासकट. म्हातारा खोकला येईपर्यंत हसला.

"ते वाकडं? अरं, ते भट्टीत बसलं हुतं. तुझ्या आयला म्हनलं, फेकून देतो. तर म्हनली, फेकू नका, कालवन एका बाजूला जमतंय, बरं पडंल." मग हसू थांबवून त्यांनी विचारलं, "त्या दिशी वही हुती तुझ्याकडं. माझ्याबद्दल काय लिवलं हुतंस?"

वही काखेतच होती. मी म्हटलं, "जाऊ द्या तात्या, खोडून टाकतो."

"वाच."

मी वाचलं. सगळं. शेवटचा शब्दही. आयुष्यात एवढं हळू मी कधी वाचलं नसेन.

तात्यांनी सुतळीला आणखी एक पीळ दिला. माझ्या मनात आलं, आता उठून आत जातील. मग म्हणाले, "खोडू नकोस. ऱ्हाऊ दे तसंच. त्याच्या खाली माझं लिव."

मी पेन काढलं.

"लिव. गणू कुंभाराला समदं आठवतंय. बीएला घरची खूण आठवत न्हाय."

मी लिहिलं. वही अजून माझ्याकडे आहे. तीन वर्षांच्या त्या कामात माझ्या हातून झालेली खात्रीची नोंद तेवढी एकच.